शाफ्ट ठरवताना: मोजपट्टीपासून गोंद वाळेपर्यंत

गोल्फच्या फिटिंगला, म्हणजे क्लबचा शाफ्ट (हातातल्या ग्रिपपासून चेंडू मारणाऱ्या हेडपर्यंतचा दांडा) आपल्या मापाने जुळवून घ्यायला, येणारा खेळाडू बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच बोलतो, "मला स्टिफ लागतो." स्टिफ म्हणजे कडक शाफ्ट. का, असं विचारलं तर उत्तरं दोनच. जुन्या ड्रायव्हरवर (सगळ्यांत लांब मारायच्या क्लबवर) एस लिहिलेलं आहे, किंवा बरोबर खेळणाऱ्या कुणीतरी सांगितलंय की ताशी नव्वद मैलांच्या वर स्विंग गेला की स्टिफच घ्यायचा. शाफ्टवरचं हे अक्षर, म्हणजे मऊपासून कडकपर्यंत एल, ए, आर, एस, एक्स, कुठल्याही प्रमाणित मापाशी बांधलेलं नाही. तयार शर्टांसारखंच आहे हे, एकाचा मीडियम दुसऱ्याच्या लार्जएवढा. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसपेक्षा कडक निघतो, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही असा फरक सापडतो. म्हणून क्लब टेबलावर आला की आम्ही त्या अक्षरावर मास्किंग टेपची पट्टी चिकटवतो. चाचणीच्या शाफ्टांवरही तीच पट्टी असते. अक्षर दिसत राहिलं तर खेळाडू नेहमीचा स्विंग मारत नाही, अक्षराला शोभेल असा मारतो.

पहिली वीस मिनिटं मोजमापाची. खेळाडू बाजूला अंग मोकळं करतो, आम्ही त्याची बॅग मोकळी करतो. प्रत्येक क्लबचं एकूण वजन, लांबी, स्विंगवेट, फ्रिक्वेन्सी, आयर्न (पात्यासारख्या हेडचा आखूड क्लब) असेल तर लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, तिरपेपणा) आणि लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन), एवढं कागदावर उतरतं. निम्मं निदान इथेच होतं. आपल्याकडे दिसणारे बरेच सेट मापाने घेतलेले नसतात. आयर्न न्यू जर्सीहून येताना भावाने आणलेले, ड्रायव्हर क्लबातल्या कुणा मेंबरकडून उतरलेला, तीन वुड (ड्रायव्हरहून आखूड क्लब) तिसऱ्याच माणसाची. कॅडींच्या (खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांच्या) स्वतःच्या बॅगेत तर सातही आयर्न एका सेटचे असले तरी नशीब. मग तराजूवर असं दिसतं, की ड्रायव्हरमध्ये ७५ ग्रॅमचा शाफ्ट, तीन वुडमध्ये ६० चा आणि आयर्नमध्ये १२५ ग्रॅमचं स्टील. क्लब जसजसा आखूड होतो तसतसं शाफ्टचं वजन वाढत गेलं पाहिजे. ड्रायव्हरपेक्षा तीन वुडचा शाफ्ट ५ ते १० ग्रॅमने जड, हायब्रिडचा (वुड आणि आयर्नच्या मधल्या क्लबचा) त्याहून जड, आयर्नचा सगळ्यांत जड. हा क्रम उलटा असेल तर हाताला प्रत्येक क्लबला नवी लय शोधावी लागते. तीन वुडने सरळ मारणारा माणूस ड्रायव्हरने दोन्हीकडचं रफ (कडेचं उंच गवत) गाठत असेल, तर स्विंगला दोष देण्याआधी तराजू बघावा.

फ्रिक्वेन्सी मोजायचं यंत्र साधं असतं. शाफ्टचं ग्रिपकडचं टोक पाच इंचांपर्यंत शिकंज्यात घट्ट आवळायचं, हेड खाली ओढून सोडायचं. मिनिटाला किती वेळा हेलकावे घेतले तो आकडा, सीपीएम. ४५ इंची ड्रायव्हरला ढोबळमानाने २४० च्या घरात रेग्युलर, २५० च्या घरात स्टिफ, २६० च्या वर एक्स. अक्षरापेक्षा हा आकडा कितीतरी बरा, पण त्याच्यावरही पूर्ण विसंबू नये. तो ग्रिपकडच्या भागाबद्दल जास्त सांगतो, हेडकडच्या टोकाबद्दल कमी. दोन शाफ्ट २५२ वर जुळतात. एकाचं टोक ताठ असतं, दुसऱ्याचं मऊ, आणि चेंडू हवेत वेगवेगळ्या उंचीने जातो.

स्विंगवेट म्हणजे क्लबचं वजन नव्हे. ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर टेकू दिला तर हेडची बाजू किती खाली ओढते, त्याचं ते माप. बहुतेक पुरुषांचे क्लब डी ० ते डी ४ च्या आसपास असतात (या मोजणीत सी ९ नंतर डी ० येतो). तीन हिशेब पाठ असलेले बरे. हेडमध्ये २ ग्रॅम वाढले की एक अंक वाढतो, लांबी अर्धा इंच कमी केली की तीन अंक उतरतात, ग्रिप ४ ते ५ ग्रॅमने जड झाली की एक अंक उतरतो. शाफ्ट ९-१० ग्रॅमने हलका केला तरी साधारण एकच अंक हलतो. हे हिशेब पुढे लागणार आहेत.

मग खेळाडूचं माप. शूज घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. ३४ ते ३६ इंचांच्या दरम्यान आलं तर तयार लांबी साधारण चालते. उंची विचारून लांबी ठरवणं चुकीचं, कारण सहा फुटी माणसाचे हात लांब असले तर त्याचं माप पाच फूट आठ इंचवाल्याएवढंच निघतं. तरी मनगटाचं माप ही सुरुवात आहे, निकाल नाही. निकाल फेसवरचा ठसा देतो.

ग्रिपची जाडीही याच टप्प्यावर बघून घेतो. डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधल्या दोन बोटांची टोकं तळव्याच्या गादीला जेमतेम टेकली पाहिजेत. बोटं गादीत रुतली तर ग्रिप बारीक, फट राहिली तर जाड. घामेजलेल्या हातांनी बारीक ग्रिप आवळून धरणारा माणूस मनगटं मोकळी सोडत नाही आणि मग शाफ्टला शिव्या देतो. चेंबूरला ऑक्टोबरच्या दुपारी हा प्रकार रोज दिसेल.

आता चेंडू. रेंजवरचे घासलेले चेंडू चाचणीला वापरू नयेत. त्यांची फिरकी, म्हणजे स्पिन, कमी-जास्त येते आणि ते अंतरही कमी जातात. दोन शाफ्टमधला फरक त्या गोंधळात बुडून जातो. खेळाडू सामन्यात जो चेंडू वापरतो तोच, सहा-आठ नवे, आणि दर वेळी पुसून. लाँच मॉनिटर, म्हणजे फटका मोजणारं यंत्र, कॅमेऱ्याचा असो की रडारचा, सगळे आकडे बघत बसायचं नसतं. क्लबचा वेग, चेंडूचा वेग, लाँचचा कोन, स्पिन, कॅरी (चेंडूने हवेतून कापलेलं अंतर), आणि चेंडू डावीकडे-उजवीकडे किती पसरले. चेंडूच्या वेगाला क्लबच्या वेगाने भागलं की स्मॅश फॅक्टर. ड्रायव्हरला तो १.४८ ते १.५० पर्यंत जातो, त्याहून खाली म्हणजे चेंडू फेसच्या मध्यावर लागत नाही.

पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून एक नमुन्याचा खेळाडू धरू. उजवा, हँडिकॅप १६ (म्हणजे मध्यम दर्जाचा), ड्रायव्हरचा वेग ताशी ९२ मैल, स्विंगची लय निवांत. ड्रायव्हर कुणाकडून तरी उतरलेला, त्यात ७५ ग्रॅमचा कडक शाफ्ट, लांबी ४५.७५ इंच, स्विंगवेट डी ३. जुन्या क्लबने दहा चेंडू मारून घ्यायचे. चेंडूचा वेग १३१, म्हणजे स्मॅश १.४२. लाँच १०.५ अंश, स्पिन मिनिटाला ३,२०० फेरे, कॅरी १९७ यार्ड. सगळ्यांत डावा आणि सगळ्यांत उजवा चेंडू यांच्यात ६० यार्ड, त्यातले बहुतेक उजवीकडे. चेंडूच्या डोक्यावर घासून गेलेला एखादा फटका सोडला तर वाईट फटके यादीतून काढायचे नाहीत. चांगले चार निवडून सरासरी काढली की कुठलाही शाफ्ट छान दिसतो. खेळताना मात्र दंड वाईट फटक्यांचाच बसतो.

या दहा फटक्यांच्या आधी फेसवर पायाला मारतात तो कोरड्या पावडरचा स्प्रे हलका फवारतो. पांढरा थर बसतो, आणि चेंडू आदळला की त्यात काळपट गोल ठसा उमटतो, खळग्यांच्या नक्षीसकट. तीन-चार फटक्यांनंतर पुसून परत फवारायचं. आपल्या नमुन्याच्या खेळाडूचे ठसे मध्यापासून अर्धा-पाऊण इंच हीलकडे (हेडच्या शाफ्टकडच्या बाजूला), थोडे खाली. हा ठसा बघितला की पुढचं बरंच समजतं. हीलवर, खाली लागलेला चेंडू कमी वेगाने, जास्त स्पिन घेऊन, उजवीकडे वळत जातो. ३,२०० चा स्पिन बघून "लो स्पिन शाफ्ट द्या" म्हणणारे पुष्कळ, पण इथे स्पिनचं कारण ठसा आहे. शाफ्टने ठसा मध्यावर आणला तर स्पिन आपोआप उतरेल.

शाफ्ट बदलायचा क्रम महत्त्वाचा. आधी वजन, मग कडकपणा, मग टोकाची घडण, शेवटी लांबी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि हेड तेच ठेवायचं. हल्लीच्या ड्रायव्हरमध्ये शाफ्टच्या टोकाला स्लीव्ह असते, स्क्रू काढून अर्ध्या मिनिटात दुसरा शाफ्ट बसतो. स्लीव्ह मात्र दर वेळी त्याच खुणेवर बसवली पाहिजे. एक घर चुकलं तर लॉफ्ट अंश-दीड अंशाने बदलतो, त्याबरोबर फेसही उघडतो किंवा मिटतो, आणि श्रेय शाफ्टला जातं. स्क्रू त्याच पान्याने कट असा आवाज येईपर्यंत आवळायचा, हाताच्या अंदाजाने नाही.

वजनाच्या फेरीत ५०, ६० आणि ७० ग्रॅमचे तीन शाफ्ट, प्रत्येकी सहा चेंडू. हलका शाफ्ट म्हणजे जास्त वेग ही समजूत अर्धीच खरी. काहींचा वेग दोन मैलांनी वाढतो, काहींचा जिथल्या तिथे राहतो, आणि काहींना क्लब वर गेल्यावर हेड कुठे आहे तेच कळेनासं होतं. मग ते हातांनी झटका देतात, चेंडू डावीकडे ओढला जातो. खूप जड शाफ्टची खूण वेगळी. पहिले चार चेंडू बरे जातात, नंतरचे उजवीकडे सरकत जातात, कारण खाली येताना हेड उशिरा पोचतं. आम्ही या फेरीत कॅरीकडे बघत नाही. ठसे किती जवळजवळ पडले आणि खेळाडू फटका मारून तोल सांभाळून उभा राहिला का, एवढंच. पडद्यावर नजर लावून बसणाऱ्या खेळाडूसाठी कधीकधी पडदाच बंद करतो. आपल्या नमुन्याला ५८ ते ६२ ग्रॅममध्ये ठसे मध्याकडे सरकताना दिसतात. वेग ९२ चाच राहतो, आणि त्यात काही बिघडत नाही.

कडकपणाकडे वळण्याआधी एक गैरसमज काढून टाकावा लागतो. शाफ्ट धनुष्यासारखा ताणला जातो आणि सुटताना चेंडू लांब फेकतो, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. चेंडू फेसला चिकटून असतो तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा वेळ. तेवढ्यात शाफ्टला काही करायला सवडच नाही; जे करायचं ते त्याने आधीच केलेलं असतं. ते असं: ड्रायव्हरच्या हेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेच्या मागे असतो. वेगाने फिरताना तो मध्य रेषेत यायला बघतो, त्यामुळे चेंडूशी पोचताना शाफ्ट पुढच्या बाजूला वाकलेला असतो. जेवढा पुढे वाकला तेवढा फेसचा लॉफ्ट वाढतो आणि फेस किंचित मिटतो. शाफ्ट या खेळाडूसाठी फार कडक असेल तर हे वाकणं कमी होतं, चेंडू खालून आणि उजवीकडे जातो. फार मऊ असेल तर उलट. पण या निव्वळ वाकण्याचा फरक लाँचमध्ये अंशभर, फार तर दीड. खरा मोठा फरक खेळाडू स्वतः घडवतो. हातात काठी धरल्यासारखं वाटलं की तो जोर लावतो, दोरी धरल्यासारखं वाटलं की आवरून मारतो. शाफ्टचं बहुतेक काम या दोन्ही गोष्टी टाळण्याचं आहे.

म्हणूनच ९२ मैल म्हणजे अमुक फ्लेक्स (कडकपणा), असा तक्ता फसवा. वेग सारखाच असलेले दोघे घ्या. एक वर जाऊन क्षणभर थांबतो आणि हळूहळू वेग वाढवत खाली येतो. दुसरा वर पोचायच्या आतच खाली खेचतो. दुसऱ्याचा शाफ्ट सुरुवातीलाच कितीतरी जास्त वाकतो, त्याला ग्रिपकडे ताठ शाफ्ट लागतो. पहिल्याला तोच शाफ्ट मेलेला वाटतो. मनगटं शेवटपर्यंत कोनात धरून ठेवणाऱ्याला टोकाची घडण जाणवते. वरूनच मनगटं सोडणाऱ्याला टोक मऊ असलं काय, ताठ असलं काय, आकड्यांत फारसं दिसत नाही. त्याच्यावर महाग शाफ्टचा खर्च करू नये, वजन आणि लांबी जमवावी आणि घरी पाठवावं. हे सांगितलेलं काहींना आवडत नाही.

टॉर्क म्हणजे शाफ्ट किती पिळला जातो ते, अंशांत. ड्रायव्हरला अडीच ते सहाच्या दरम्यान सापडतो. कमी तेवढा भारी, अशी जाहिरातीची भाषा असते. जुन्या हिकरीच्या लाकडी दांड्याला भरपूर पीळ होता आणि त्यावर माणसं सरळ मारत होती. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या स्कॉटलंडच्या आर अँड एने स्टीलला मान्यता दिली तीच १९२९ साली. निवांत लयीच्या खेळाडूला साडेचार-पाचचा टॉर्क हाताला बरा वाटतो. फार कमी टॉर्कचा शाफ्ट त्याच्या हाताला पाइपासारखा लागतो, आणि फेस उघडा राहतो.

लांबीचा मुद्दा आम्ही शेवटी घेतो खरा, पण सगळ्यांत जास्त फायदा बऱ्याचदा तिथेच असतो. दुकानातला ड्रायव्हर ४५.५ ते ४५.७५ इंचांचा, काही तर ४६ चे. नियमांत पटर (भोकाजवळ चेंडू ढकलायचा क्लब) सोडून इतर क्लबना ४८ इंचांची मर्यादा आहे, आणि २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांना ४६ ची मर्यादा लावता येते. इंच वाढला की वेग मैलभर वाढतो असं म्हणतात. तो मैल हीलवर चेंडू लागून केव्हाच खर्च होतो. आपल्या नमुन्याला ४५ इंचांवर आणलं की ठसे मध्याभोवती एका रुपयाच्या नाण्याच्या आसपास जमायला लागतात. पण आता वरचा हिशेब आठवा. पाऊण इंच कापला, साडेचार अंक गेले. शाफ्ट पंधरा ग्रॅमने हलका झाला, दीड अंक गेला. डी ३ चा क्लब सी ७ वर आला. हातात पिसासारखा लागतो आणि खेळाडू म्हणतो, हेडच जाणवत नाही. बरेच जण घरी शाफ्ट कापून इथेच थांबतात आणि आखूड ड्रायव्हर आपल्याला जमत नाही असा निष्कर्ष काढतात. हेडच्या तळाचा स्क्रू बदलून ८ ग्रॅम वाढवले की चार अंक परत, डी १. स्क्रू बदलता येत नसेल तर शिशाची पट्टी, हेडच्या मागे तळाला. हेड जड केलं की शाफ्ट किंचित मऊ वागतो, आखूड केला की किंचित ताठ. दोन्ही एकत्र केलं तर साधारण तिथेच येतो. तरी यंत्रावर परत मोजायचंच.

या टप्प्यावर पुन्हा दहा चेंडू. वेग ९२, चेंडूचा वेग १३४, लाँच १२.५, स्पिन २,८००, कॅरी २०९, पसारा ३८ यार्ड. बारा यार्ड वाढले म्हणून खेळाडू खूश असतो. आमच्या मते त्या कागदावरचा मोलाचा आकडा ६० चा ३८ झाला तो आहे. ३८ यार्डांतले बहुतेक चेंडू फेअरवेत (कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्यात) किंवा जवळच्या रफमध्ये सापडतात. ६० मध्ये तीन-चार झाडांमागे जातात.

इथे एक सावधगिरी. पन्नास-साठ चेंडूंनंतर शरीर थकतं, आणि थकलेल्या शरीराला हलका, मऊ शाफ्ट आवडायला लागतो. शेवटी मारलेला शाफ्ट जिंकतोय असं वाटलं तर पाणी पिऊन, दहा मिनिटं बसून, आधीचा शाफ्ट परत मारायला द्यावा. ड्रायव्हर आणि आयर्न एकाच दिवशी उरकू नयेत हेही त्याच कारणाने. आणि आकडे कुठे घेतले ते लिहून ठेवावं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तिथली हवा विरळ, चेंडू मुंबईपेक्षा दोनेक टक्के लांब जातो. येरवड्यात मोजलेले २०९ चेंबूरला २०५ भरले तर शाफ्ट बिघडलेला नाही.

आयर्नचं काम वेगाने होतं, कारण सात नंबरवर ठरवलं की बाकीचे त्याच्यामागून येतात. इथे अंतराऐवजी चेंडू किती उभा उतरतो ते बघायचं. ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) थांबायला ४५ अंशांच्या आसपास उतरला पाहिजे. ताशी ७४-७५ मैलांनी सात आयर्न मारणाऱ्याच्या हातात १३० ग्रॅमचं स्टील असेल तर चेंडू चाळीस अंशांच्या आसपास उतरतो आणि उन्हाळ्यातल्या टणक ग्रीनवरून पलीकडे निघून जातो. ९५ ते १०५ ग्रॅमचं स्टील, किंवा सांध्यांना त्रास असेल तर ८० च्या आसपासचं ग्राफाइट, एवढ्याने बहुतेकांचं काम होतं.

त्यानंतर लाय, आणि ती शाफ्टची लांबी पक्की झाल्यावरच. चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्डच्या मार्करने एक जाड उभी रेघ काढायची, रेघ फेसकडे करून चेंडू ठेवायचा, मारायचा. शाई फेसवर उतरते. रेघ खोबण्यांना काटकोनात उभी असेल तर लाय बरोबर. रेघेचं वरचं टोक टो-कडे (हेडच्या हीलविरुद्ध बाजूला) झुकलं तर क्लब खूप उभा आहे, चेंडू डावीकडे जाईल. हीलकडे झुकलं तर फार आडवा, चेंडू उजवीकडे. रेघ ओल्या बोटाने पुसता येते आणि खेळाडूला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, म्हणून आम्हाला ही पद्धत तळाला टेप लावून फळीवरून मारण्यापेक्षा आवडते. शाफ्ट अर्धा इंच वाढवला तर क्लब साधारण अंशभर उभा वागतो. आधी लाय वाकवून मग लांबी बदलली तर सगळं परत करावं लागतं.

कागद पूर्ण झाला की बांधणी. चाचणीत मारलेला शाफ्ट आणि बॅगेत येणारा शाफ्ट यांच्यात फरक पडतो तो इथे. नावात फसवणूक होते ती पहिली. दुकानातल्या ड्रायव्हरमध्ये बसवून येणाऱ्या काही शाफ्टवर नाव, रंग तेच असतात, पण घडण सुटा मिळणाऱ्या शाफ्टपेक्षा मऊ, टॉर्क जास्त. म्हणून नावाबरोबर वजन, टॉर्क आणि टोकाचा व्यास लिहून मागवायचा. ड्रायव्हरला ०.३३५ इंच, आयर्नला निमुळतं टोक असेल तर ०.३५५ आणि सरळ असेल तर ०.३७०. चांगले शाफ्ट बाहेरूनच येतात, थांबायला लागतं. त्या घाईत "याच्यासारखाच दुसरा आहे" म्हणून घेतलेला शाफ्ट सगळी चाचणी वाया घालवतो.

जुना ग्राफाइट शाफ्ट काढताना पिळायचा नाही. पुलरमध्ये (शाफ्ट सरळ ओढून काढायच्या यंत्रात) आवळून होझेलला (हेडच्या, शाफ्ट बसतो त्या नळीला) हीट गनची झळ द्यायची, दर काही सेकंदांनी पुलर किंचित घट्ट करत. आतला गोंद भुकटी होऊन सुटतो आणि हेड एका हलक्या टक् आवाजाने पुढे सरकतं. जळका, तिखट वास आला तर उष्णता जास्त झाली. शाफ्टमधलं रेझिन करपलं, तो शाफ्ट परत वापरायचा नाही. स्टीलला पिळलं तरी चालतं.

कापायचं कुठून, हा पुढचा प्रश्न, आणि त्याला दुसरी संधी नाही. टोकाकडून कापलं की शाफ्ट ताठ होतो, ग्रिपकडून कापलं की मुख्यतः आखूड होतो. ड्रायव्हरला बहुधा टोकाकडून काहीच कापत नाहीत, तीन वुडला अर्धा ते एक इंच, पाच वुडला त्याहून थोडं जास्त, कंपनीच्या तक्त्याप्रमाणे. निमुळत्या टोकाचे आयर्न शाफ्ट टोकाकडून कापायचेच नाहीत, ते प्रत्येक नंबरला वेगळ्या लांबीचे येतात. आधी न चिकटवता जुळणी करायची, हेड पूर्ण आत बसलंय ना बघायचं आणि शाफ्टवर खूण करायची. ग्रिपची टोपी जवळजवळ ३ मिलिमीटर लांबी वाढवते, ती हिशेबात धरायची. ग्राफाइटवर टेप गुंडाळून बारीक दातांच्या करवतीने किंवा घर्षणचाकाने कापायचं. प्लंबरच्या पाइपकटरने कापलं तर धागे चिरडतात आणि टोकाला तडा जातो. ती काळी धूळ फुप्फुसाला वाईट, तोंडावर मास्क हवाच.

शाफ्टच्या टोकावरचा रंग खरवडल्याशिवाय गोंद धरत नाही. ग्राफाइटवर फक्त रंग आणि चकाकी जाईपर्यंत. काळे धागे उचकटायला लागले तर थांबायला उशीर झाला. स्टीलवर क्रोम चांगला खरखरीत करायचा. होझेल तारेच्या ब्रशने आतून स्वच्छ, दोन्हीकडे सॉल्व्हंटचा बोळा. दोन भागांचा एपॉक्सी सांगितलेल्या प्रमाणातच मिसळायचा. "थोडं हार्डनर जास्त घालू, लवकर वाळेल" यातून तो ठिसूळ होतो. शाफ्ट होझेलमध्ये सैल वाटत असेल तर गोंदात मिठाएवढे बारीक काचमणी चिमूटभर, म्हणजे शाफ्ट मध्यावर राहतो. फिरवत आत घालायचा, फेरूलवर (जोडावरच्या कडीवर) आलेला गोंद लगेच पुसायचा आणि २४ तास हात लावायचा नाही. "उद्या सकाळी सामना आहे" हे कारण चालत नाही. अर्धवट वाळलेल्या गोंदावर मारलं की हेड चेंडूच्या मागोमाग फेअरवेत जातं, आणि ते दिसतं त्याहून जास्त धोक्याचं आहे.

ग्रिप बसवायच्या आधी स्विंगवेट शेवटचं तपासतो, ग्रिप नुसती शाफ्टला बांधून. खेळाडूने मागाहून ५० ग्रॅमच्या जागी ६० ची जाड ग्रिप निवडली तर दोन अंक इथेच गळतात आणि नव्या शाफ्टमध्ये "काहीतरी वेगळं" लागतं. तो शाफ्ट नव्हे, ग्रिप.

घरी गेल्यावरचं थोडं. मे महिन्यात क्लब गाडीच्या डिकीत ठेवून ऑफिसला जाऊ नये. त्या उष्णतेत गोंद हळूहळू सैल पडतो, आणि हेड किंचित फिरायला लागलं की खेळाडूला वाटतं आपला स्लाईस (चेंडू उजवीकडे वळायची खोड) परत आला. पावसाळ्यात ग्रिपच्या टोपीतल्या भोकातून पाणी स्टीलच्या शाफ्टमध्ये शिरतं. कोकणात, मुंबईत तो आतून गंजतो आणि बाहेरून काही दिसत नाही. बॅग ओली असेल तर क्लब काढून, पुसून, पंख्याखाली ठेवायचे. तीन-चार फेऱ्या खेळून झाल्यावर परत यावं, फेसवर स्प्रे मारून दहा चेंडू. ठसे पुन्हा हीलकडे सरकलेले दिसले तर आधी चेंडूपासून उभं राहायचं अंतर बघतो, कारण क्लब आखूड झाल्यावरही पाय जुन्याच जागी राहिलेले असतात.

कागदावर शाफ्टचं पूर्ण नाव, टोकाकडून किती कापला, शेवटची लांबी, स्विंगवेट, फ्रिक्वेन्सी, स्लीव्ह कुठल्या खुणेवर, ग्रिपखाली टेपचे किती थर, एवढं लिहिलेलं असतं. दोन वर्षांनी हेड बदललं तर नव्या माणसाला हाच कागद लागतो. बॅगेच्या कप्प्यात ठेवलेला कागद पहिल्या पावसात लगदा होतो, म्हणून मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.